शिकारीची रायफल आणि विमान : एका प्रवासाचा इतिहास

प्रस्तावना

शिकारीच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साधारणतः दोन घटकांकडे जाते. एक शिकारी आणि दुसरा त्याने मारलेला प्राणी. संस्थानिकांच्या शिकारी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या शिकारकथा, वाघांची घटती संख्या, अभयारण्यांची स्थापना हे विषय इतिहास, पर्यावरण व साहित्य या तिन्ही शाखांत चर्चिले गेले आहेत. या दोहोंच्या मध्ये असणारी जी बंदूक, ती मात्र दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तूप्रमाणे गृहीत धरली जाते. परदेशात शिकारीला जाणारा मनुष्य आपली रायफल बरोबर नेतो. ती रायफल सीमा ओलांडते, जकात नाक्यावर उघडली जाते, तिची नोंद होते, तिच्या काडतुसांची मोजदाद होते. तिला कोणी प्रवेश द्यावा, कोणत्या अटीवर द्यावा आणि त्याच भूमीवर राहणाऱ्या माणसाला तसे शस्त्र बाळगता यावे की नाही, हे प्रश्न अखेर राज्यसंस्थेचे प्रश्न आहेत.

प्रस्तुत निबंधात शिकारी रायफलीच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाचा, विशेषतः विमानप्रवासाचा, मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. या विषयाचे मुख्य क्षेत्र पूर्व व दक्षिण आफ्रिका हेच आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यावर सुमारे दोन दशके या प्रवासाची एक वाट नागपुरातून जात होती. विदर्भातील वाचकाला हा भाग अधिक जवळचा वाटेल आणि कायद्याच्या इतिहासाच्या दृष्टीनेही तोच अधिक महत्त्वाचा आहे. त्यामुळे तेथे थोडे अधिक थांबलो आहे.

बोटीचा काळ

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद सोडल्यानंतर तीनच आठवड्यांनी, २३ मार्च १९०९ रोजी, थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कहून बोटीने निघाले. नेपल्स येथे बोट बदलून ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मोंबासा बंदरात उतरले. स्मिथसोनियन संस्थेसाठी प्राण्यांचे नमुने गोळा करणे हा मोहिमेचा जाहीर हेतू होता. त्यांच्याबरोबर स्प्रिंगफील्ड बनावटीची सैनिकी घाटाची रायफल होती, .४०५ काडतुसाची विंचेस्टर होती आणि इंग्लंडमधील चाहत्यांनी भेट दिलेली हॉलंड अँड हॉलंड कंपनीची जड दुनळी रायफलही होती. कातडी टिकविण्यासाठी चार टन मीठ होते. हा सारा पसारा वाहण्यासाठी अडीचशेच्या आसपास हमाल लागले. मोहीम पुढील वर्षाच्या मार्चमध्ये खार्टूम येथे संपली. म्हणजे शिकारीला जवळजवळ एक वर्ष लागले.

या तपशिलातून एक गोष्ट स्पष्ट होते. बोटीच्या काळात वजन हा प्रश्न नव्हता, वेळ हा होता. ज्याच्यापाशी वर्षभराची फुरसत आणि तितकी संपत्ती, तोच आफ्रिकेत शिकारीला जाऊ शके. एकदा पोचल्यावर मात्र रायफली किती आणि काडतुसे किती, याला व्यवहारात फारशी मर्यादा नव्हती. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत पाहुण्या शिकाऱ्यासाठी ५० पौंडांचा परवाना होता आणि त्यावर कोणते प्राणी किती मारावेत हे ठरवून दिलेले असे. जाता जाता हेही नमूद करावयास हवे की, तेव्हा त्या प्रदेशाचे चलन रुपया होते. मुंबई आणि मोंबासा यांचे नाते त्या काळी किती घट्ट होते, हे त्यावरून कळावे.

हिंदुस्थानातील शस्त्रविषयक धोरणाचा परिणाम आफ्रिकेतील शिकारीवर कसा झाला याचे एक उदाहरण फारसे परिचित नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान व सुदान येथे .४५० व्यासाच्या रायफली आणण्यास बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच व्यासाच्या होत्या. त्यांपैकी कित्येक सरहद्दीवरील व इतर विरोधकांच्या हाती गेल्या होत्या. शिकाऱ्यांची काडतुसे त्यांच्या उपयोगी पडतील ही सरकारची धास्ती होती. लंडनच्या बंदूककारांना हिंदुस्थानची बाजारपेठ गमवायची नव्हती. त्यांनी व्यास किंचित बदलून .४७०, .४६५, .४७५ अशी नवी काडतुसे तयार केली. आज आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीची म्हणून जी .४७० दुनळी रायफल प्रसिद्ध आहे, तिचा जन्म अशा रीतीने हिंदुस्थानातील राजकीय भीतीतून झाला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या कक्षेत आणले आणि युरोपीयांना दीर्घकाळ त्यातून सूट दिली, हे आपण पाठ्यपुस्तकांतून शिकवतो. राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध आरंभीच्या अधिवेशनांतच ठराव केला होता, हेही शिकवतो. त्या कायद्यामागची भीती लंडनच्या कारागिराच्या हत्यारांपर्यंत पोचली होती, हे सहसा सांगितले जात नाही.

विमान आले

इंपीरियल एअरवेजची लंडन ते केपटाउन प्रवासी सेवा १९३२ मध्ये सुरू झाली. प्रवासास सुमारे अकरा दिवस लागत आणि मध्ये काही भाग आगगाडीने पार करावा लागे. तरीही आठवड्यांचा हिशेब दिवसांवर आला. पण या विमानांतून शिकाऱ्यांच्या जड बंदुका फारशा गेल्या असतील असे वाटत नाही, कारण विमान कंपन्या त्या काळी सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभे करीत. बंदुका आणि तंबूंचा पसारा समुद्रमार्गेच जात राहिला.

आफ्रिकेतील शिकारीत विमान शिरले ते प्रवासाच्या आधी टेहळणीच्या मार्गाने. डेनिस फिंच हॅटन याने १९३० मध्ये जिप्सी मॉथ जातीचे छोटे विमान घेतले आणि आकाशातून हत्तींचे कळप शोधण्याचा प्रयोग केला. १४ मे १९३१ रोजी व्होई येथे ते विमान कोसळून त्याचा अंत झाला. पुढे बेरिल मार्कहॅम या वैमानिक स्त्रीने हेच काम व्यवसाय म्हणून केले. मोठ्या सुळ्यांचा हत्ती वरून हेरायचा आणि जमिनीवरील शिकाऱ्याला दिशा कळवायची. हे शिकारीच्या नीतीत बसते का, यावर तेव्हाच वाद झाले. अर्नेस्ट हेमिंग्वे १९३३ च्या अखेरीस बोटीने मोंबासाला पोचला, पण जानेवारी १९३४ मध्ये आमांशाने आजारी पडल्यावर त्याला लहान विमानातून नैरोबीला हलवावे लागले. त्याच हेमिंग्वेला वीस वर्षांनी, जानेवारी १९५४ मध्ये, युगांडात दोन दिवसांत दोन विमान अपघातांना तोंड द्यावे लागले. त्याही खेपेला तो युरोपातून बोटीनेच आला होता. म्हणजे संक्रमणाचा हा काळ वाटतो त्याहून लांब होता.

खरा बदल दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. एअर इंडिया इंटरनॅशनलने १९५० मध्ये मुंबई-नैरोबी सेवा सुरू केली. मे १९५२ मध्ये कॉमेट या जेट विमानाने लंडन-जोहान्सबर्ग हा मार्ग धरला. ऑक्टोबर १९५८ पासून बोइंग ७०७ अटलांटिक ओलांडू लागले. आता वर्षभराची फुरसत असलेल्या धनिकाची जागा तीन आठवड्यांची रजा घेणाऱ्या अमेरिकी डॉक्टर, वकील, कारखानदार यांनी घेतली. नैरोबीत केर अँड डाउनी यांच्यासारख्या कंपन्या १९४६ पासून तंबू, मोटारी, माग काढणारे आणि स्वयंपाकी यांची तयार व्यवस्था पुरवीत होत्या. पाहुण्याने फक्त आपली रायफल आणावयाची.

परंतु विमानात पहिल्या वर्गाला ३० किलो आणि साध्या वर्गाला २० किलो सामानाची मुभा असे. लंडनची .४७० दुनळी एकटीच पाच किलोच्या घरात जाते. पेटी, दुसरी रायफल आणि काडतुसे धरली की प्रवाशाला कपड्यांसाठी काही उरत नाही. नेमक्या याच काळात, १९५६ मध्ये, विंचेस्टर कंपनीने .४५८ हे काडतूस आणि त्याची एकनळी खटक्याची रायफल बाजारात आणली. ती दुनळीपेक्षा हलकी होती आणि किमतीने कितीतरी कमी. सामर्थ्य मात्र जवळपास तेवढेच. या बदलाचे श्रेय केवळ विमानाला देणे अतिशयोक्तीचे होईल. १९४७ नंतर हिंदुस्थानची बाजारपेठ गेल्यामुळे इंग्लंडमधील हा धंदा आधीच खचला होता आणि १९६० च्या दशकात किनॉक कंपनीने मोठ्या काडतुसांचे उत्पादन थांबविले. तथापि सामानाचा काटा आणि अमेरिकी मध्यमवर्गाचा खिसा या दोघांनी मिळून शिकारी रायफलीचे रूप पालटले, असे म्हणावयास हरकत नाही.

नागपूर मार्गे

याच सुमारास हा विमानमार्ग भारताकडेही वळला. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती. चांदा, बालाघाट, मंडला, बस्तर ही वाघांची जंगले एकाच राज्याच्या प्रशासनाखाली होती. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती परतीच्या वाटेला लागत. या विमानांतून प्रवासीही जात. भारताच्या मध्यावर वसलेल्या या शहराला त्यामुळे असे स्थान मिळाले की, परदेशातून मुंबईत उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी जंगलाच्या उंबरठ्यावर पोचावा.

विद्याचरण शुक्ल यांनी १९५१ मध्ये नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून पदवी घेतली आणि त्यानंतर अॅल्विन कूपर ही मोठ्या शिकारीच्या व छायाचित्रणाच्या सफरी आयोजित करणारी कंपनी काढली. त्यांचे वडील पंडित रविशंकर शुक्ल हे त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढे १९५७ मध्ये विद्याचरण लोकसभेवर निवडून गेले. आणीबाणीच्या काळातील माहिती व नभोवाणी मंत्री म्हणूनच आज ते स्मरणात आहेत. त्यांच्या चरित्रातील हा शिकारीचा अध्याय राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी बहुधा बाजूला ठेवला आहे.

अशा कंपन्या नंतर अनेक निघाल्या. त्यांची कार्यपद्धती साधारण एकसारखी होती. वनखात्याने जंगलाचे शिकारीसाठी गट पाडलेले असत आणि तो गट ठरावीक दिवसांसाठी शुल्क भरून राखून ठेवता येई. कंपनी पाहुण्याला विमानतळावरून घेई, जीपने जंगलात नेई, तळ ठोके. हेला बांधला जाई. वाघाने गारा केला की जवळच्या झाडावर मचाण बांधून पाहुण्याला बसविले जाई, किंवा दिवसा हाका होई. हाक्याला गोंड, बैगा आदी समाजांतील माणसे लागत. डबे वाजवीत, ओरडत वाघाच्या अंगावर चालत जाणारी ही माणसे निःशस्त्र असत. मारलेल्या वाघाचे कातडे बहुतेक वेळा म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या प्रसिद्ध कारखान्याकडे पेंढा भरण्यास जाई. शिकारी काही दिवसांत आपल्या देशी परते. त्याचा वाघ मात्र काही महिन्यांनी बोटीने त्याच्या घरी पोचे. माणूस आणि बंदूक विमानाने गेली आणि शिकार मागाहून बोटीने आली, हा त्या काळाचा क्रम होता.

सरकारने याला उत्तेजन का दिले, याचे उत्तर अर्थकारणात आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभीच, १९५७-५८ मध्ये, देशाला परकीय चलनाची तीव्र टंचाई जाणवू लागली. अमेरिकी शिकारी डॉलर आणीत असे. शिकारबंदीचा प्रश्न पुढे चर्चेला आला तेव्हाही, परकीय चलन बुडेल हाच युक्तिवाद शिकार कंपन्यांच्या बाजूने केला गेला.

कलम १० आणि कलम १३

प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा शिकारकथांत सापडत नाही. तो १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेल्या या कायद्याने १८७८ चा वसाहतकालीन कायदा रद्द केला. त्यातील कलम १० हे शस्त्रांच्या आयात-निर्यातीविषयी आहे. परवान्याशिवाय शस्त्र देशात आणता येणार नाही, असा मूळ नियम. त्याला जोडलेल्या परंतुकात एक सवलत आहे. केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे निर्दिष्ट केलेल्या देशांतील खऱ्याखुऱ्या पर्यटकाला, त्याच्या स्वतःच्या देशात शस्त्र बाळगण्यास मनाई नसल्यास, या कलमाखालील परवान्याविना, विहित अटींवर, वाजवी प्रमाणात शस्त्रे व दारूगोळा भारतात आणता येईल. हेतू एकच असावा, तो खेळाचा. खरा पर्यटक कोण, याचीही व्याख्या तेथेच आहे. तो भारताचा नागरिक नसावा आणि करमणूक, स्थलदर्शन अशा ठरावीक हेतूंसाठीच सहा महिन्यांहून अधिक नाही इतक्या काळासाठी आलेला असावा.

आता याच कायद्याचे कलम १३ वाचावे. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने कोणत्या शस्त्रासाठी परवाना द्यावा हे त्यात सांगितले आहे. संरक्षण वा खेळासाठी, किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक. पीकरक्षणासाठी शेतकऱ्याला ठासणीची बंदूक. ती अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे रानडुकरांपासून ज्वारी राखणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती कायद्याने दारू ठासून उडवायची, एकोणिसाव्या शतकातील बंदूक दिली. सहा महिन्यांच्या आत परत जाणाऱ्या पाहुण्याला मात्र त्याच शिवारालगतच्या जंगलात आधुनिक रायफल घेऊन उतरण्याची वाट मोकळी केली. दोन्ही तरतुदी एकाच कायद्यात, अवघ्या तीन कलमांच्या अंतरावर आहेत.

यावर असा आक्षेप घेता येईल की, पर्यटकाची सवलत तात्पुरती होती, तिला अटी होत्या आणि सर्वच देश पर्यटकांना अशी मुभा देतात. हा आक्षेप चुकीचा नाही. शिवाय भारतीय नागरिकालाही रायफलीचा परवाना मिळू शकत असे, आणि देशी शिकाऱ्यांनी मारलेल्या वाघांची संख्या परदेशी पाहुण्यांनी मारलेल्यांपेक्षा कमी असेल असे मानण्यास काही आधार नाही. तरीही प्रश्न उरतोच. वसाहतवादी कायद्यात भेदाची रेषा वंशाची होती. ती रेषा १९५९ च्या कायद्यात नाही, हे निर्विवाद. तिच्या जागी आलेली रेषा चलनाची होती, आणि हाक्यात चालणाऱ्या गोंड माणसाच्या दृष्टीने या दोन रेषांत किती अंतर होते, हे कायद्याच्या मसुद्यावरून सांगता येणार नाही.

घटनाक्रम पुढे वेगाने गेला. १९६९ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाची परिषद झाली आणि वाघाच्या स्थितीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. कैलास सांखला यांच्यासारख्या वनाधिकाऱ्यांनी कातड्यांच्या व्यापाराविरुद्ध आवाज उठविला होता. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत वाघांची संख्या १,८२७ भरली. त्याच वर्षी वन्यजीव (संरक्षण) कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपले मेळघाट होते. एक तपशील मात्र नेहमी निसटतो. १९७२ च्या कायद्याने शिकार संपूर्ण बंद केली नव्हती. पहिल्या अनुसूचीबाहेरील काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने त्यात होते. ते १९९१ च्या दुरुस्तीने गेले. शिकार संपली तेव्हा शस्त्र कायद्यातील पर्यटकाची सवलत मात्र कोणी काढून टाकली नाही.

अपहरणे आणि कुलूपबंद पेटी

भारतात शिकारीचे दार बंद होत असताना विमानतळावरही एक दार बंद होत होते आणि त्याची कारणे अगदी वेगळी होती. मे १९६१ पासून अमेरिकी विमानांची अपहरणे सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत विमानात लपवून घातक शस्त्र नेणे हा गुन्हा ठरला. 'लपवून' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण उघडपणे आणलेल्या शिकारी रायफलीकडे तोपर्यंत संशयाने पाहिले जात नसे. १९६८ नंतर अपहरणांची लाट आली. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान लाहोरला पळविण्यात आले. अपहरणकर्त्यांपाशी खेळण्यातले पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब होता. खऱ्या बंदुकीचीही गरज नाही हे दिसल्यावर खऱ्या बंदुकीला प्रवाशांमध्ये जागा उरणे शक्य नव्हते. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. मार्च १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सुरक्षेविषयीचे सतरावे परिशिष्ट स्वीकारले.

तेव्हापासून शिकारीची रायफल विमानाच्या पोटातील सामानकक्षात गेली ती कायमची. आजचे नियम देशोदेशी थोडे वेगळे असले तरी त्यांचा गाभा समान आहे. रायफल रिकामी असावी, कठीण कवचाच्या कुलूपबंद पेटीत असावी आणि सामान देतानाच ती जाहीर करावी. काडतुसे प्रवाशाबरोबर केबिनमध्ये कदापि नाहीत. सामानात द्यावयाची तर नीट बांधलेली आणि एका प्रवाशामागे वेष्टनासह पाच किलोपर्यंत. हा पाच किलोचा आकडा धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतून आला आहे. .३७५ या सर्वसाधारण आफ्रिकी काडतुसाची सुमारे शंभर नगे त्यात बसतात. दक्षिण आफ्रिका प्रत्येक रायफलीमागे दोनशे काडतुसे आणू देते, परंतु विमानाचा काटा त्याच्या आधीच प्रवाशाला थांबवितो. रूझवेल्ट यांच्या अडीचशे हमालांची आठवण येथे होते.

दक्षिण आफ्रिकेची व्यवस्था तपशिलाने पाहण्याजोगी आहे, कारण केनियाने १९ मे १९७७ रोजी संपूर्ण शिकारबंदी जाहीर केल्यावर या प्रवासाचे केंद्र क्रमाने दक्षिणेकडे सरकले. नैरोबीतील व्यावसायिक शिकाऱ्यांची १९३४ मध्ये स्थापन झालेली संघटना त्याच वर्षी विसर्जित झाली. दक्षिण आफ्रिकेच्या २००० सालच्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार पाहुण्या शिकाऱ्याला तात्पुरता आयात परवाना घ्यावा लागतो. त्याचा अर्ज पोलिसांच्या ५२० क्रमांकाच्या नमुन्यात, काळ्या शाईने भरावयाचा आणि सही जोहान्सबर्ग विमानतळावरील पोलीस अधिकाऱ्यासमोर करावयाची. सोबत शिकार आयोजकाचे निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट आणि रायफलीच्या मालकीचा पुरावा द्यावयाचा. येथे एक मौज आहे. अमेरिकेत रायफलीसाठी राष्ट्रीय परवानाच नाही. त्यामुळे अमेरिकी शिकारी जकात खात्याचा ४४५७ क्रमांकाचा कागद दाखवितो. हा कागद मुळात एवढेच सांगतो की, सदर वस्तू देश सोडण्यापूर्वीच प्रवाशाजवळ होती. परतताना जकात द्यावी लागू नये यासाठी तो असतो. परदेशी पोलीस मात्र त्यालाच परवाना समजून स्वीकारतात. युरोपीय संघात १९९१ पासून शिकाऱ्यांसाठी स्वतंत्र शस्त्र-पारपत्र आहे. मधल्या एखाद्या विमानतळावर केवळ विमान बदलण्यासाठीही काही देशांत निराळी परवानगी लागते. हा त्रास टाळण्यासाठी अलीकडे अनेक शिकारी रायफल घरीच ठेवतात आणि आयोजकाकडून भाड्याने घेतात.

जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर सेसिल या सिंहाची शिकार झाली. ती बाणाने झाली होती, रायफलीने नव्हे. त्यानंतर उठलेल्या जगव्यापी संतापामुळे ऑगस्टमध्ये डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या कंपन्यांनी सिंह, हत्ती, बिबट्या, गेंडा व रेडा यांची शिकारचिन्हे वाहून नेणे बंद केले. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय विमान कंपनीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये तशी बंदी घातली होती आणि जुलैमध्ये ती मागे घेतली होती. या निर्णयांकडे बारकाईने पाहिल्यास दिसते की, बंदी मृत प्राण्यावर होती. कुलूपबंद पेटीतील रायफलीला कोणी अडविले नाही. ती पूर्वीसारखीच जात राहिली.

आपल्याकडील विमानतळावर आज रायफलीची लांब पेटी दिसली तर ती बहुधा नेमबाजाची असते. गेल्या काही वर्षांत अशा पेट्या घेऊन रांगेत उभी असलेली मुले-मुली मी पाहिली आहेत. सामान देण्याच्या खिडकीवर पेटी उघडायची, परवाना व महासंघाचे पत्र दाखवायचे, नळी रिकामी असल्याची खात्री करून द्यायची, हे सारे तेच आहे. २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे हे दोघेही कोल्हापूर जिल्ह्यातील. दोघांचेही यश पन्नास मीटर रायफलीच्या प्रकारातील, म्हणजे .२२ बोअरच्या काडतुसाचे. कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीच्या शेजारीच, रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी .२२ बोअरच्या रायफलीचा परवाना द्यावा, अशी एक ओळ १९५९ पासून आहे.